इतिवृत्तात न आलेलं

विषय क्रमांक एक: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे.
कायम केलं.
जकात नाक्यावर तीस वर्षं पावत्या फाडल्यात मी,
माझ्या अक्षरात खाडाखोड नसते.

उथळसरला वाचनालयाच्या वरचा मजला,
महिन्याचा दुसरा शनिवार.
'सलोखा मंडळ, ठाणे' हा रबरी शिक्का
मीच करून आणलेला, पदरचे पैसे घालून.
पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांचे सण ऐकले.
शिरखुर्म्यावर भाषण, तिळगुळावर भाषण,
आणि सगळे धर्म शेवटी एकच सांगतात
यावर एका प्राध्यापकांचा पाऊण तास.
टाळ्या. आभार. समोसे.
जिना उतरताना मात्र जो तो
आपापल्या माणसांच्या मागे.

मग मार्चात वक्ते आलेच नाहीत.
वीजही गेली.
वर्तमानपत्रानं वारा घेत तुंगेकर खालांनी
सहज विचारावं तसं रोहेकरांना विचारलं,
"तुमच्यात मयताला आंघोळ कोण घालतं?"

मी पेनाला टोपण लावलं.

रोहेकर म्हणाले, "घरचीच. म्हणजे, पूर्वी.
आता घरची सगळी अश्दोदला.
लेआ गेली तेव्हा बायका भायखळ्याहून आल्या, टॅक्सी करून.
तोवर मी बाहेरच्या खोलीत
बादली भरून बसलो होतो."
"राबोडीतल्या बायकांना मी घालते," खाला म्हणाल्या,
"शंभरेक झाल्या असतील.
पाणी कोमट लागतं.
मेलेलीला पण चटका बसायला नको."

"कोमट," गमरेबाई म्हणाल्या.
"मी आईला गारच घातलं.
गॅस संपला होता, आणि न्यायची घाई."
बारा वर्षांनी रडल्या त्या,
विषयपत्रिकेत काही नसताना.
खालांनी वर्तमानपत्राचा वारा
स्वतःवरून काढून त्यांच्याकडे वळवला.
समोसे कुणी उघडलेच नाहीत.

डिसेंबरात लेआबाईंचं वर्ष.
चरईतलं रोहेकरांचं घर, दुसरा मजला.
मी गेलो, घोन्साल्विस आला,
खालांचा जावई अल्ताफ दुकान बंद करून आला.
डोक्यावर रुमाल टाकून भिंतीलगत बसलो.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, असं कळलं.
त्यांचे सात होते.

सात आणि तीन दहा.
कुठल्याही नाक्यावर दहाच.
मी अल्ताफकडे पाहिलं, अल्ताफनं माझ्याकडे.
रोहेकर उठून आमच्यापाशी आले, हळू म्हणाले,
"तुम्हांला मोजता येत नाही हो. माफ करा."

लागलं. खोटं कशाला सांगू.
जन्मभर ट्रक मोजले, गोणी मोजल्या,
दुसऱ्यानं मोजलं नाही तर कसं वाटतं
हे साठीनंतर समजत होतं.
(गमरेबाईंना हे मी नंतर सांगितलं.
त्या हसल्या. म्हणाल्या, "आत्ता होय?")

तासभर वाट पाहिली.
कुणीतरी पनवेलहून निघालं होतं, पोचलं नाही.
घोन्साल्विस खिडकीतून रिक्षा बघत होता,
जणू त्याच्याच घरचं अडलंय.
शेवटी सात जणांनी, सातांना चालतं तेवढं म्हटलं,
आणि दहांशिवाय जे म्हणत नाहीत
ते म्हटलं नाही.
ते न म्हटलेलं आम्ही दहाही जण
उभे राहून ऐकत होतो.

मग ताट फिरलं.
नारळ-साखरेत कालवलेले पोहे,
वेलची, बाजूला खजूर.
तोंडात घास, आणि जिभेवर आलंच होतं,
"अहो, हे तर आमचंच!"
ते पोह्यांबरोबर गिळलं.
विचारलं, "नारळ कोणी खवला?"
"मीच," रोहेकर म्हणाले,
आणि सोललेलं बोट दाखवलं.

घरी येऊन वही काढली.
दिनांक. स्थळ. उपस्थिती:
सात अधिक तीन.
पुढे बरोबरचं चिन्ह काढलं,
आणि ती जागा
माझ्या वहीत पहिल्यांदाच
कोरी ठेवली.